पहिला रुपया

माझ्या धाकट्या भावाने गोव्यातील हॉटेलची नोकरी सोडून मालवणास स्वतःची लहान होडी घेण्याचे ठरविले, तेव्हा आमच्या कुटुंबात जो खल झाला तो येथे मांडण्याचे कारण इतकेच, की आपल्यासारख्या बदलीवर हिंडणाऱ्या नोकरदारांच्या मागे गावात असा कोणी ना कोणी असतोच. कोणी कोंबड्या पाळू म्हणतो, कोणी आंब्याची कलमे कराराने घेतो. आणि सर्वांची दृष्टी महिनाअखेरीस नेमाने पगार होणाऱ्या थोरल्या भावाकडे वळते. मी तो थोरला भाऊ. बालीगंज स्थानकापासून दहा मिनिटांवरच्या दोन खोल्यांत राहतो आणि केंद्र सरकारच्या एका कचेरीत लोकांची प्रवासभत्त्याची बिले तपासतो.

आम्ही जातीने गाबीत. आजोबांचा रापणीत वाटा होता. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाने जाळे टाकीत जावयाचे, मग दोन्ही टोकांचे दोर वाळूत उभे राहून पुष्कळ माणसांनी मिळून ओढावयाचे आणि निघालेल्या मासळीचे ठरल्याप्रमाणे वाटे पाडावयाचे, अशी ही रापण. वडिलांनी शाळामास्तरकी धरली, मी पदवीधर झालो, आणि समुद्राची विद्या आमच्या घरात खंडित झाली. आडनाव गाबताचे असले तरी माझ्या भावाला ओनाम्यापासूनच आरंभ करावा लागला. दोन हंगाम तो दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून राबला.

या दोन हंगामांत तो काय शिकला, ते मी दूरध्वनीवरून तुकड्यातुकड्यांनी ऐकत आलो. जाळे पाण्यात सोडणे त्याला आठ दिवसांत साधले. कोठे सोडू नये हे उमगावयास मात्र दोन्ही हंगाम खर्ची पडले. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असते, तेव्हा पाण्याच्या ओढीने जाळे खडकावर जाऊन चिंध्या होतात. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी सुस्त, तेव्हा जाळे सुखरूप राहते पण मासा हलत नाही. पहाटेचा मतलई वारा बाहेर नेतो, दुपारचा खारा वारा घरी आणतो. इंजिन आले तरी हे वेळापत्रक लहान होडीवाल्याने मोडलेले नाही, कारण त्याला पेट्रोल वाचवावयाचे असते. खडक कोठे आहे ते किनाऱ्यावरील एखादा माड आणि देवळाचा कळस एका रेषेत आणून ओळखावयाचे. हल्लीची मुले ती जागा भ्रमणध्वनीत नोंदवून ठेवतात. तांडेल मात्र माडालाच प्रमाण मानतो. त्याचे म्हणणे, माडाची बॅटरी संपत नाही.

भावाच्या मनात होता रावस. बांगडा, तारली हे झुंडीने येणारे मासे. त्यांना मोठे जाळे आणि मोठी माणूसबळाची नाव लागते. रावसाचे तसे नाही. तो उथळ, गढूळ पाण्यातला जीव. कोळंबी आणि बारीक मासळी यांच्या पाठीमागे तो खाडीच्या तोंडाशी येतो. गळ्याखाली दोन्ही बाजूंस धाग्यांसारखे चार-चार तंतू असतात, त्यांनी तळ चाचपीत फिरतो. कर्ली नदी देवबागेजवळ समुद्रास मिळते, कालावलची खाडी तिच्या उत्तरेस. अशा मुखांपाशी दोन माणसे एका लहान होडीतून जाळे लावून बसू शकतात. संख्येने थोडा, पण किमतीने मोठा. त्यामुळे कमी भांडवलाच्या नवख्याने रावसावर डोळा ठेवावा यात शहाणपण आहे, असे माझे मत झाले.

एके रात्री त्याने स्पष्टच सांगितले, "दादा, माका पगार नको. माका माजी होडी व्हयी."

मी कागद घेतला. बावीस फुटी, फायबरची, वापरलेली होडी, बाहेरून लावावयाचे नवे इंजिन, जाळी, दोर, बोये, शिसे, बर्फाची पेटी, नोंदणी आणि परवान्याचा खर्च, आणि पहिले तीन महिने काहीच न मिळाले तर घर चालविण्यापुरती रक्कम. हे शेवटचे कलम त्याच्या यादीत नव्हते, मी घातले. एकूण चार लाख साठ हजार. त्याच्यापाशी साठवलेले सव्वा लाख होते. उरलेल्या रकमेची सोय झाल्याचे त्याने मोठ्या आनंदाने सांगितले. "शेट इंजिनाचे आणि होडयेचे पैशे देता म्हणता. व्याज नाय. फक्त मासो तेकाच घालूचो."

आईला हे फार भले वाटले. वडिलांनाही वाटले. बिनव्याजी रुपया या काळात कोण देतो! मला मात्र ते वाक्य रात्रभर टोचत राहिले, आणि का टोचते ते सांगावयाला शब्द मिळाले ते मालवणात नव्हे, येथे बंगालात.

गरियाहाटच्या बाजारात मी रविवारी जातो. तेथे ज्याला गुर्जाउली म्हणतात तो आपला रावस, हे ओळखावयास मला वर्ष लागले. साहेबांच्या राज्यात त्यालाच 'इंडियन सॅमन' असे नाव पडले आणि हॉटेलांच्या पाट्यांवर ते अजून आहे. परंतु खऱ्या सॅमनशी त्याचे काहीच नाते नाही. खरा सॅमन गोड्या नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालावयास पुन्हा नदी चढतो. हे चरित्र रावसाचे नाही, इलिशाचे आहे. साहेबाने नाव एकाला दिले, गुण दुसऱ्याचे. बंगाली माणूस इलिशावर जेवढे बोलतो, त्याच्या दशांशानेही आपण कोकणी माणसे रावसावर बोलत नाही, याचा मला थोडा मत्सर वाटतो.

इलिश धरणारी लहान नाव कशी चालते ते पाहावे म्हणून एका सुटीच्या दिवशी मी बालीगंजहून डायमंड हार्बरची लोकल धरली. तेथे हुगळी इतकी रुंद होते की समुद्रच वाटावा. घाटाच्या चिखलात जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका वृद्ध नावाड्याशी माझ्या मोडक्या बंगालीत गप्पा झाल्या. १९७५ साली फराक्क्याचा बंधारा सुरू झाला. त्यापूर्वी इलिश गंगेतून थेट अलाहाबाद, आग्र्यापर्यंत चढल्याच्या नोंदी आहेत. आता वाट अडली. सरकारने तेवीस सेंटीमीटरहून लहान इलिश धरण्यास बंदी केली आहे आणि नव्वद मिलिमीटरहून बारीक आसाचे जाळेही निषिद्ध ठरविले आहे; तरीही 'खोका इलिश', म्हणजे बाळ इलिश, बाजारात येतोच. मी त्याला विचारले, हे पिल्लू धरल्याने पुढल्या वर्षीचे तुमचेच नुकसान, हे कळत नाही का? तो हसला आणि म्हणाला, कळते, परंतु दादन आहे.

दादन म्हणजे उचल. हंगामाच्या आरंभी आडतदार नाव, जाळे, डिझेल यांसाठी पैसा देतो. व्याजाचे नाव काढीत नाही. मात्र सर्व मासळी त्यालाच घालावी लागते, भाव तो ठरवितो, आणि त्याची अडतही त्यातूनच कापली जाते. त्या वृद्धाने वीस वर्षांपूर्वी घेतलेली पहिली उचल अजून फिटली नव्हती; दरवर्षी थोडी फिटे, दरवर्षी नवी चढे. अशा माणसाला 'आज लहान मासा सोडून दे' असे सांगणारा कायदा कितीही योग्य असला तरी त्याच्या होडीचा सुकाणू त्याच्या हाती नसतो. त्याचा मुलगा केरळात बांधकामावर गेला होता. नाव चालविणे त्याला येत होते. नको होते ते खाते.

परत येताना गाडीत मला शेटजींच्या वाक्याचा अर्थ लागला. बिनव्याजी रुपया महाग पडतो, कारण त्याचे व्याज माशाच्या भावात दडविलेले असते. बिले तपासणाऱ्या माणसाला तरी हे दिसावयास हवे.

पुढे सॅमनच्या नावामागे लागून मी बरेच वाचले, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही हीच कथा आढळली. अलास्कातील ब्रिस्टल बे येथे लाल सॅमन धरणाऱ्या नौकेची लांबी बत्तीस फुटांहून अधिक असू नये असा नियम आहे. १९५१ पर्यंत तर तेथे इंजिनालाच बंदी होती. शिडाच्या होड्या असत, आणि त्या बहुतांशी मासे डब्यात भरणाऱ्या कारखान्यांच्या मालकीच्या. नाव ज्याची, मासा त्याचा आणि भावही त्याचाच. १९७३ साली तेथील राज्याने कायदा करून परवान्यांची संख्या मर्यादित केली. मासा वाचविण्याच्या दृष्टीने ते ठीकच झाले; परंतु नवख्या तरुणाला नावेखेरीज आता परवानाही जुन्या माणसाकडून विकत घ्यावा लागतो, आणि त्यासाठी कर्ज काढावे लागते.

आपल्याकडे परवान्याची अशी किंमत लागत नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना सूट. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर, म्हणजे माशांच्या थव्याला वेढून बटव्यासारखा तळ आवळणाऱ्या जाळ्यावर, कडक बंधने आली. प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्यास केंद्र सरकारने २०१७ साली मनाई केली. कागदावर लहान होडीची बाजू बरी राखलेली आहे. समुद्रावर ती कितपत राखली जाते, याविषयी मालवणच्या किनाऱ्यावर कोणालाही विचारावे. तासभर मोकळा ठेवून विचारावे.

तेव्हा प्रश्न उरला तो पहिल्या रुपयाचा. शेटजींचा घेऊ नको असे भावाला सांगावयाचे, तर दुसरा रुपया पुढे करणे आले. मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड आता मिळते, पण ते चालू खर्चासाठी; होडीसाठी बँक तारण मागते आणि नवख्यापाशी ते नसते. माझे म्हणाल तर १ जानेवारी २००४ नंतर नोकरीस लागलेल्या आम्हां लोकांना जुन्या कर्मचाऱ्यांसारखा भविष्यनिर्वाह निधी नाही, की ज्यातून हवी तेव्हा उचल करावी. माझ्यापाशी होती ती कुडाळास जागा घेण्यासाठी आठ वर्षे साठवलेली मुदत ठेव.

रात्री जेवणानंतर पत्नीपुढे विषय काढला. ती साताऱ्याची, समुद्राशी तिचा संबंध लग्नानंतरचा.

"अहो, आणि बुडाली तर?"

"काय, होडी की ठेव?"

"दोन्ही." ती हसली नाही. बराच वेळ भांडी आवरीत राहिली. मग म्हणाली, "भावजींना पोहता येते ते ठाऊक आहे मला. पण जीवरक्षक जाकिटे दोन घ्यायची, आणि विमा उतरवल्याशिवाय पाण्यात जायचे नाही. हे त्यांना तुम्ही नाही, मी सांगेन." आणि थोड्या वेळाने, "जागा मात्र मला अजून हवी आहे, हे लक्षात असू द्या."

दुसरे दिवशी मी १९६४ चे वर्तणूक नियम उघडले. वाचकांपैकी निम्म्यांना ते मुखोद्गत असतील. सरकारी नोकराने व्यापारात पडू नये, तेव्हा होडीत भागीदारी नाही. नातेवाइकास बिनव्याजी कर्ज देता येते, पण ते अल्प रकमेचे आणि तात्पुरते. तीन लाख पस्तीस हजारांस अल्प म्हणण्याचे धाडस माझ्याने होईना. दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून मोठा व्यवहार कचेरीस कळविणे प्राप्त. म्हणून रक्कम भावाला दिली ती देऊन टाकली म्हणून, कर्ज म्हणून नव्हे, आणि तसे लेखी कळविले. माझ्या वरिष्ठांनी कागद वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले व विचारले, 'फिश?' मी 'होय' म्हटले. त्यांनी सही केली. ते बंगाली आहेत.

भावाला मी एकच अट घातली. मासा लिलावातच विकावयाचा, आधी कोणाशी बांधून घ्यावयाचा नाही. तो थोडा नाराज झाला. शेटजी वाईट माणूस नव्हे, अडीअडचणीला रात्री अकरा वाजता दार उघडतो, असे त्याचे म्हणणे; आणि ते खरेही आहे. हजार मैलांवरचा भाऊ रात्री अकराला दार उघडू शकत नाही. या मुद्द्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते; अट तेवढी कायम ठेवली.

नोंदणीचे आणि परवान्याचे अर्ज मी येथून भरून दिले, सहकारी संस्थेच्या सभासदत्वाचाही. नारळी पौर्णिमेला आईने होडीची ओटी भरली. पहिले दोन महिने मिळाले ते चार-दोन पाट्या बांगडा, थोडी मांदेली आणि एक मोठा केरकचरा. यादीतील माझे शेवटचे कलम तेव्हा कामास आले. ओळखीच्या एकाने पर्यटकांना डॉल्फिन दाखवीत फिरण्याचा सल्ला दिला. तो काही वाईट सल्ला नव्हे, मालवणातील पुष्कळ होड्या आज त्यावरच तगून आहेत. भाऊ म्हणाला, पुढल्या वर्षी पाहू.

रावस लागला तो थंडी पडल्यावर, खाडीच्या तोंडाशी, भांगाचे पाणी संपून उधाणाला जोर येण्याच्या बेतात असताना. तीन मासे, त्यांतला एक पाच किलोंच्या वर. लिलावाच्या जागी पाच-सहा जणांनी भाव बोलला. फोनवर भाऊ हसत सुटला होता. "दादा, मोठो कोणी घेतल्यान सांगू? शेटान! तेनांच सगळ्यांत जास्त भाव बोललो."

त्याच आठवड्यात केंड माशांच्या झुंडीने दोन जाळी दातांनी कातरून टाकली. नव्या जाळ्यांचा खर्च मी वहीत मांडला आहे. पत्नीने परवा ती वही उघडून पाहिली आणि जमेच्या बाजूस कुडाळ एवढाच शब्द पेन्सिलीने लिहून ठेवला.