जरी आणि तरी

मराठी मुलगा इंग्रजी लिहितांना ज्या चुका करितो, त्यांपैकीं पुष्कळशा अज्ञानाच्या नसून मराठीच्या चांगल्या ज्ञानाच्या असतात, असें म्हटलें तर आमचे कांहीं शिक्षकबंधु हंसतील. परंतु नांदगांवासारख्या ठिकाणीं, जेथें मुलें आजूबाजूच्या खेड्यांतून येतात आणि इंग्रजी त्यांच्या कानांवर शाळेबाहेर क्वचितच पडतें, तेथें वीस वर्षें वह्या तपासल्यानंतर माझें तरी तेंच मत झालें आहे.

‘दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट’ हें वाक्य दरवर्षीं माझ्यापुढें येतें. त्यावर तांबडी रेघ ओढणें सोपें आहे. पण मुलगा असें कां लिहितो? मराठींत ‘जरी’ आला कीं त्याच्या मागून ‘तरी’ यावयाचाच. ‘जर’ला ‘तर’, ‘जेव्हां’ला ‘तेव्हां’, ‘जो’ला ‘तो’. आमचीं वाक्यें अशीं जोडीनें चालतात, आणि जोडीदार आला नाहीं तर कानाला चुकल्याचुकल्यासारखें वाटतें. इंग्रजीचें काम एका उभयान्वयी अव्ययावर भागतें. फार तर जुन्या वळणाचे लेखक ‘दो’नंतर ‘येट’ घालीत. मुलगा ‘बट’ लिहितो तेव्हां तो आपल्या आईच्या बोलण्याशीं इमान राखीत असतो. दोन्ही वाक्यें फळ्यावर शेजारीं शेजारीं लिहून ‘येथें एकच गडी पुरे’ एवढें सांगितलें, कीं त्यास समजतें. ‘गाढव’ म्हटल्यानें समजत नाहीं.

‘कीं’ची जागा याहून धोक्याची आहे. ‘तो म्हणाला, कीं मी उद्यां येतों’ यांतील ‘मी’ म्हणजे तोच, हें आम्हांस कोणी सांगावें लागत नाहीं. तेंच शब्दशः ‘दॅट’ घालून इंग्रजींत उतरविलें, तर उद्यां येण्याचें ओझें लिहिणाऱ्याच्याच शिरावर पडतें!

विरामचिन्हांविषयीं मात्र मुलांवर रागावण्याचा आम्हांस फारसा अधिकार नाहीं. आमचे पूर्वज मोडी लिहीत, ती लेखणी शक्य तों न उचलतां. शब्दाशब्दांत जागा नाहीं, मग स्वल्पविराम कोठला? देवनागरींत दंड होता, तेवढ्यावर निभावत असे. दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं निघालें, आणि इंग्रजी धर्तीचीं विरामचिन्हें मराठींत रूढ करण्याचें श्रेय मेजर कँडी यांस देतात. त्यापूर्वीं अडत कां नव्हतें? मला वाटतें, आमचें क्रियापद बहुधा शेवटीं येतें आणि वाक्य संपल्याची वर्दी तेंच देतें. म्हणून ‘मनमाडला गेलों, गाडी चुकली, परत आलों’ हें मराठींत शोभतें. इंग्रजींत अशीं वाक्यें नुसत्या स्वल्पविरामानें सांधलीं तर परीक्षक गुण कापतो.

तरी हें चिन्ह क्षुल्लक नव्हे. लूककृत शुभवर्तमानाच्या २३ व्या अध्यायांत वधस्तंभावरील अपराध्यास दिलेलें वचन आहे. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हें जवळजवळ नसतच. तेव्हां तेथील ‘आज’ हा शब्द ‘सांगतों’ याकडे जातो कीं ‘सुखलोकांत असशील’ याकडे, हें भाषांतरकारास ठरवावें लागतें. बहुतेकांनीं तो पुढच्या वाक्याकडे नेला आहे. एका मरणाऱ्या मनुष्यास सुख केव्हां मिळावयाचें, तें एवढ्याशा खुणेवर अवलंबून!

परिमाणाचे शब्द उरले. ‘पुष्कळ पाणी’ आणि ‘पुष्कळ माणसें’ या दोहोंस आम्हांस एकच शब्द चालतो. इंग्रजीला ‘मच’ आणि ‘मेनी’ वेगळे लागतात. हें पाठांतरानें साधतें. खरी अडचण ‘थोडा’ची. आमचा एक जुना विद्यार्थी कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडे कारकून होता. परप्रांतांतील अडत्यानें माल किती आहे असें इंग्रजींत विचारलें. याच्या मनांत होतें ‘थोडा माल शिल्लक आहे’. पण कागदावर ‘लिट्ल’ तेवढा उतरला, त्याच्या आधींचा एकाक्षरी ‘ए’ राहून गेला. अडत्यानें ‘फारसा उरला नाहीं’ असा अर्थ घेऊन दुसरीकडे खरेदी केली. इकडे माल वखारींत सडला, आणि नुकसान त्या पोराच्या पगारांतून कापलें गेलें. तो मला विचारूं लागला, “सर, एका ‘ए’चे इतके पैसे?”

मराठींत हेंच काम ‘च’ उलट बाजूनें करितो. ‘थोडा आहे’ यांत आशा आहे. ‘थोडाच आहे’ म्हणतांच ती आटते. इंग्रजींत ‘ए’ लावला कीं आशा येते, काढला कीं जाते. ‘फ्यू’ आणि ‘ए फ्यू’ यांचेंही तसेंच. हें त्यास शाळेंत असतां कोणीं सांगितलें असतें तर? व्याकरणाच्या पुस्तकांत नियम होता; मराठीचा ‘च’ मात्र तेथें नव्हता, आणि कसा असावा? तीं पुस्तकें आमच्या मुलांकरितां लिहिलेलीं नाहींत.

महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवितात, म्हणजे हल्लीं ‘ए’ हें अक्षर मुलास सहाव्या वर्षींच भेटतें. येत्या जूनपासून आठवीच्या वर्गांत मी पहिला आठवडा इंग्रजी व्याकरणाच्या तासास मराठीच वाक्यें घेणार आहें: जरी-तरी, कीं, आणि हा ‘च’. मुख्याध्यापकांची अनुमति मिळाली आहे. पालकांनीं वह्या पाहून घाबरूं नये.