आत्याच्या ओव्या आणि रूट

आत्याच्या ओव्यांचं काय झालं असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून हे लिहितोय. मधला भाग थोडा तांत्रिक आहे, पण घरच्यांनी तो गाळू नये.

मेहकरकडच्या बायकांकडून आत्यानं जात्यावरच्या ओव्या वर्षानुवर्षं वहीत उतरवून घेतल्या. मग त्या कॉम्प्युटरवर आल्या. तो थकला तेव्हा आम्ही त्याची व्हर्च्युअल मशीन करून ठेवली. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. त्याची अख्खी हार्ड डिस्क आपल्या लेखी एक मोठी फाइल. आत डेबियन १०, ही २०१९ ची आवृत्ती. तिचे दीर्घ मुदतीचे सुरक्षा अपडेटही ३० जून २०२४ ला थांबले. म्हणजे डागडुजी करणं आलंच.

आपल्याकडे धाब्याच्या घरावर मृगाच्या आधी नवी माती टाकतात, तेव्हा खाली माणसं राहतच असतात. रूट फाइलसिस्टिम, म्हणजे जिथे सिस्टिमचे सगळे प्रोग्राम आणि सेटिंग असतात ते मूळ झाड, तसंच मशीन चालू ठेवून आतून अपडेट करता येतं. पण मला आतली मांडणीही बदलायची होती, म्हणून बाहेरून काम केलं.

बाहेरून करताना पहिला नियम: मशीन पूर्ण बंद हवी. ती चालू असताना तिची डिस्क बाहेरून जोडली, तर एकाच खतावणीत दोन कारकून एकमेकांना न विचारता लिहू लागतात. खतावणीची वाट लागते. दुसरा नियम: डिस्कच्या फाइलची आधी एक नक्कल.

मग डिस्क लॅपटॉपला जोडली आणि ‘सीएचरूट’ केलं. १९७९ च्या युनिक्सपासूनची ही सोय. ‘आता हेच फोल्डर तुझं मूळ’ असं प्रोग्रामला सांगायचं, की तो त्या बंद मशीनच्या आत असल्यासारखा वागतो. डेबियनमध्ये आवृत्ती ओलांडून उडी मारायची नसते. १० वरून ११, मग १२, मग १३. ११ पासून सुरक्षा अपडेटच्या पत्त्याची धाटणी बदलली आहे, ती ओळ हातानं दुरुस्त करावी लागते. आणि आपल्याकडची वीज! लॅपटॉपला बॅटरी असते, इंटरनेटच्या डब्याला नसते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर आधी सगळी पॅकेजेस नुसती उतरवून घेतली, बसवली नंतर. दोनदा लाइट गेली, काम अडलं नाही.

हे सगळं चालू असताना एक गोष्ट लक्षात आली. मी ज्या हजारो फाइली इतक्या जपून बदलत होतो, त्यातली जवळजवळ प्रत्येक डेबियनच्या कुठल्याही सर्व्हरवर फुकट मिळते. रूट पार मोडलं तरी एका दुपारी नवं उभं राहतं. जगात दुसरीकडे कुठेच नव्हत्या त्या फक्त ओव्या, आणि जुन्या कॉम्प्युटरपासून त्या त्याच रूटमध्ये पडून होत्या. गावोगाव पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. ज्यांनी ओव्या सांगितल्या त्यातल्या कितीतरी जणी आता नाहीत. त्यांना पुन्हा विचारता येणार नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्यांचं मोठं काम १९८० च्या दशकात सुरू केलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया त्या प्रसिद्ध करू लागली. त्या काळातला कॉम्प्युटर आज कोण वापरतो? ओव्या मात्र वाचता येतात.

तर मांडणी अशी बदलली: रूट एका डिस्कवर, ओव्या वेगळ्या, दुसऱ्या डिस्कवर. शिवाय साध्या युनिकोड मजकुराची एक फाइल, जी कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेल. यापुढे रूट बिनधास्त बदला, फेका, नवं आणा.

नवी मशीन सुरू झाल्यावर आत्याला दाखवली. तिनं डेबियनबद्दल काही विचारलं नाही. चार ओव्या काढून वाचल्या, एकीतला एक शब्द दुरुस्त करायला लावला आणि म्हणाली, "आता याची छापून वही करून दे."

तेही करतोय. गावी याल तेव्हा प्रत्येकानं पेनड्राइव्ह आणा. एका घरात ठेवून भागणार नाही.