जिजाईचा कैवार

प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' हा बोलपट परवां आम्हीं घरीं पुन्हां पाहिला. विष्णुपंत पागनिसांच्या सात्त्विक मुद्रेपुढें आमचे हात आपोआप जुळले. १९३७ सालीं व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवांत त्याचा गौरव झाला, हें आम्ही मोठ्या अभिमानानें सांगूं लागलों, तोंच आमची सौभाग्यवती म्हणाली, "पण चूल कोणीं पेटती ठेवली?" आम्ही निरुत्तर झालों. गौरी या नटीनें उभी केलेली जिजाई चिडते, विठोबाशींही भांडते. पण पोरांच्या पोटाची काळजी तिलाच! पडद्यावरील जिजाईला आम्हीं मनापासून दाद दिली; घरांतील जिजाई मात्र आम्हांला कजाग वाटत आली. नटीला पारितोषिक मिळूं शकतें. गृहिणीला निदान दोन गोड शब्द मिळावेत. त्या रात्रीं पानें आम्हीं वाढलीं.