विदूषकाची बोली, शकुंतलेची बोली

संस्कृत नाटकें ज्यांनीं शाळेंत किंवा पुढें आवडीनें वाचलीं असतील, त्यांना एक गोष्ट ठाऊक असेलच. त्या नाटकांतील सर्वच पात्रें संस्कृत बोलत नाहींत. राजा, अमात्य, ऋषि हे संस्कृत बोलतात. राणी, सख्या, दासी आणि राजाचा विनोदी मित्र जो विदूषक, हे प्राकृत बोलतात. कोणत्या पात्राच्या तोंडीं कोणती भाषा घालावी, याचे नियम भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांतच घालून दिलेले आहेत. ‘शाकुंतला’तील अंगठी सांपडलेला कोळी मागधी बोलतो, आणि ‘मृच्छकटिका’त तर प्राकृताचे इतके प्रकार आहेत कीं, परीक्षार्थी जेरीस येतात. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां हा भाषाभेद आम्हांस ग्रंथांतला विषय वाटे. सेवानिवृत्तीनंतर, रात्रीं जेवणें आटोपलीं कीं घरच्या मंडळींबरोबर तासभर दूरचित्रवाणीपुढें बसण्याचा परिपाठ पडला, आणि भरतमुनींचा तो नियम अजूनहि चांगला चालू आहे असें दिसून आलें.

आम्ही कांहीं चित्रपटांचे जाणकार नव्हे. वर्षाकाठीं दोन-तीन चित्रपट, आणि रात्रीं घरांतील बायकामंडळी जें लावतील तें, एवढीच प्रेक्षक या नात्यानें आमची योग्यता. परंतु आम्ही नागपूरकर असल्यामुळें पडद्यावर कोणी आमच्याकडची बोली बोलूं लागलें कीं कान आपोआप टवकारले जातात. गेल्या दहा-बारा वर्षांत ती पुष्कळ वेळां कानीं पडूं लागली आहे. ती कोणाच्या तोंडीं असते आणि कशासाठीं असते, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

‘आमच्याकडची बोली’ म्हणजे एकच बोली नव्हे. अकोला-अमरावतीकडे वऱ्हाडी, नागपूर-वर्ध्याकडे नागपुरी, आणि पूर्वेस भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे झाडी. ‘मला-तुला’च्या जागीं ‘मले-तुले’, ‘डोळा’ म्हणावयाचा तेथें ‘डोया’, ही तिची ओळख. आमच्यासारख्या घरांतून ‘मले-तुले’ सहसा ऐकूं येत नाहीं. पण ‘काय करतो आहेस’ असें न म्हणतां ‘काय करून राहिला’ हें तोंडांतून गेल्यावांचून राहत नाहीं. १९५६ पर्यंत नागपूर ही ज्या प्रांताची राजधानी होती, त्याचा मोठा भाग हिंदी बोलणारा होता. तेव्हां शेजारधर्म भाषेंतहि उतरला, यांत नवल नाहीं. गंमत अशी कीं, याच भूमीचें नांव एके काळीं उत्तम शैलीला दिलेलें होतें. दंडी आणि वामन या दोघांहि साहित्यशास्त्रकारांनीं वैदर्भी रीति सर्वगुणसंपन्न मानली, आणि तिचा श्रेष्ठ कवि म्हणून पंडित कालिदासाकडे बोट दाखवितात. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ जें ‘लीळाचरित्र’, तें तेराव्या शतकांत अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपुरास सिद्ध झालें. असा वारसा असलेल्या प्रदेशाची बोली आज पडद्यावर आली कीं आधीं हंशा पिकतो, आणि मग वाक्य ऐकूं येतें.

हा प्रश्न आमच्या घरांत निव्वळ करमणुकीचा उरला नाहीं, याला कारण आमची थोरली नात. ती शिक्षणासाठीं पुण्यास राहते. पहिल्या वर्षीं दिवाळीला घरीं आली ती भाषा बदलूनच. ‘जाऊन राहिली’ गेलें, ‘जाते आहे’ आलें. तें व्याकरणाच्या दृष्टीनें निर्दोषच होतें. पण आजीचा फोन आला म्हणजे मैत्रिणींपासून दूर व्हरांड्यांत जाऊन बोलावें लागतें, असें तिच्या तोंडून सहज निघून गेलें, तेव्हां आमच्या सौभाग्यवती एकदम गप्प झाल्या. त्यांचें माहेर अचलपूरचें. लग्नाला चाळीस वर्षें होऊन गेलीं तरी त्यांच्या बोलण्यांतला वऱ्हाडी हेल तसाच आहे. मागाहून कळलें कीं, वसतिगृहांतल्या मुली नातीला वरचेवर म्हणत, “टीव्हीवर बोलतात तसें बोलून दाखव ना!” एखाद्या मुलीनें रडत रडत आपली व्यथा सांगावी आणि ऐकणाऱ्यानें तिच्या उच्चाराची मौज पाहावी, असा तो प्रकार. त्या दिवसापासून आम्ही दूरचित्रवाणीपुढें बसतों ते थोडे सावध होऊन.

आतां विनोदाविरुद्ध आमची मुळींच तक्रार नाहीं. ‘चला हवा येऊ द्या’ हा कार्यक्रम २०१४ सालीं सुरू झाला आणि अमरावतीकडचे भारत गणेशपुरे घरोघर माहीत झाले. त्यांची बोली घोकलेली वाटत नाहीं. आवाज न चढवतां, चेहरा जागचा न हलवतां ते असें कांहीं बोलून जातात कीं आमचें सारें घर खो-खो हंसतें. विदूषक हा नाटकांतला हलका मनुष्य नव्हे. तो राजाचा जिवलग असतो, जातीनें ब्राह्मण असतो, आणि राजाला खरें सुनावण्याची मुभा त्यालाच असते. पण नाटकांत विदूषकाशेजारीं प्राकृत बोलणारी नायिकाहि उभी असते. ती काढून टाकली, आणि प्राकृत एकट्या विदूषकाच्या वांट्यास ठेवली, तर ऐकणाऱ्याची समजूत अशीच होईल कीं, ही भाषा हंसण्यासाठींच जन्मास आली आहे.

नायिका आली नाहीं, असेंहि नाहीं. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही ‘झी मराठी’वरील मालिका २०१६ पासून २०२१ पर्यंत चालली, आणि आमच्या घरांत ती नेमानें पाहिली जाई. तिची नायिका राधिका ही नागपूरची. नवरा मुंबईंत चांगल्या नोकरींत. त्याला बायकोचें राहणें-बोलणें गांवंढळ वाटतें आणि तो दुसरीच्या नादीं लागतो. राधिकेचें काम करणाऱ्या अनिता दाते मूळच्या नाशिकच्या. त्यांनीं इकडचा हेल मोठ्या मेहनतीनें उचलला होता. तथापि सौभाग्यवतींचा अभिप्राय असा पडला कीं, वाक्यावाक्यांत ‘मले-तुले’ इतकें पेरलें आहे, जसे पोहे थोडे आणि मोहरी फार! तरीहि विदर्भाकडची बोली घेऊन एक बाई वर्षानुवर्षें महाराष्ट्राच्या घरांत वावरली, ही गोष्ट लहान नव्हे.

आमचा आक्षेप निराळा आहे. राधिकेला मान मिळाला तो केव्हां? मसाल्यांचा धंदा काढून ती मोठी उद्योजिका झाली तेव्हां. तिच्या बोलीला प्रतिष्ठा आली ती तिजोरीच्या हमीवर. जिनें धंदा काढला नाहीं, घरच्या दहा माणसांचा स्वयंपाक करण्यांतच जिचा जन्म गेला, अशा बाईची बोली ऐकून घेण्याजोगी आहे कीं नाहीं, याचें उत्तर त्या मालिकेंत आम्हांस सांपडलें नाहीं.

यानंतर ‘झुंड’ पाहिला. नागराज मंजुळे यांचा हा हिंदी चित्रपट ४ मार्च २०२२ रोजीं प्रदर्शित झाला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयांतील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनीं वस्तींतील मुलांना फुटबॉलच्या निमित्तानें एकत्र आणलें, त्या कार्यावर तो आधारलेला आहे. बारसे यांच्यावरून रचलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनीं केली. पण आमच्या ध्यानांत राहिलीं तीं मुलें. निम्मी हिंदी, निम्मी मराठी, आणि वाक्याच्या शेंवटीं तो प्रसिद्ध ‘बे’! हा ‘बे’ आमच्या घरांत कोणी उच्चारला तर अद्याप वडील मंडळींचे डोळे वटारले जातात. प्रेक्षागृहांतहि सुरुवातीला त्यावर हंशा झाला. पुढें तीं मुलें एकेक करून आपापली हकीकत सांगूं लागतात. बोली तीच, ‘बे’हि तोच, पण हंसणारे हळूहळू स्तब्ध झाले. पुढें अंकुश गेडाम या नागपूरच्या तरुणास पदार्पणाचें फिल्मफेअर पारितोषिक मिळालें, याचा आम्हांस आनंद झाला.

आणि शेंवटीं ‘स्थळ’. जयंत दिगंबर सोमलकर यांचा हा चित्रपट २०२३ सालीं टोरंटोच्या महोत्सवांत गौरविला गेला आणि ७ मार्च २०२५ रोजीं आपल्याकडे प्रदर्शित झाला. होळीसाठीं नात घरीं आली होती, म्हणून सगळेच मिळून गेलों. चंद्रपूर जिल्ह्यांतील डोंगरगांव हें त्याचें स्थळ, आणि त्यांतील बहुतेक माणसें त्याच भागांतलीं, पूर्वीं कॅमेऱ्यापुढें कधीं न आलेलीं. कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी सविता. ती बी. ए. करते आहे, तिला स्पर्धापरीक्षा द्यावयाची आहे, आणि बापाला कापसाच्या भावाची आणि तिच्या लग्नाची काळजी आहे. आरंभींच बायका जमून एका तरुणाला पाहण्यास बसल्या आहेत, त्याला नांव, शिक्षण, उंची विचारीत आहेत, असें दाखविलें आहे. प्रेक्षक पोट धरून हंसले. मग तेंच स्टूल, तेच प्रश्न. पण स्टुलावर आतां सविता मान खालीं घालून बसलेली. आतां कोणी हंसलें नाहीं. पाहुणे येतात, पोहे खातात, उंची विचारतात, निघून जातात. मग दुसरे येतात. आपल्या सुशिक्षित घरांतून हा विधि आतां विवाहमंडळांच्या संकेतस्थळांवर गेला आहे. उंचीचा आणि वर्णाचा रकाना मात्र तेथेंहि कायम आहे.

या चित्रपटांतील सर्व माणसें आपलीच बोली बोलतात. बाप कापसाचा भाव सांगतो तो तींत, आई रागावते ती तींत, आणि पाहुणे नकार कळवितात तोहि तींतच. सगळेच तसें बोलत असल्यामुळें ती कोणाचीहि खोड राहत नाहीं. साहित्यांत हें काम पूर्वींच झालेलें आहे. उद्धव शेळके यांची वऱ्हाडी बोलींतली ‘धग’ ही कादंबरी १९६० सालीं निघाली. पडद्याला तेथवर येण्यास फार वर्षें लागलीं.

तो चित्रपट पाहतांना आम्हांस ‘शाकुंतला’चा पांचवा अंक आठवला. भर राजसभेंत दुष्यंत शकुंतलेला ओळखीत नाहीं. राजा संस्कृतांत बोलतो, ऋषिकुमार संस्कृतांत भांडतात, आणि शकुंतला त्या सार्वभौम राजाला ‘अनार्य’ म्हणून धिक्कारते ती आपल्या प्राकृतांत. विदूषकाच्या तोंडची जी भाषा, तीच ही. कालिदासानें तिच्यांत हंसूं ठेवलें, तसाच संतापहि ठेवला. आणि राजाला तिचें बोलणें समजत नाहीं, असें मुळींच नाहीं. दोघेहि आपापल्या भाषेंत बोलतात, दोघांनाहि परस्परांचें कळतें. ‘पुन्हां शुद्ध बोल’ असें कोणी कोणास म्हणत नाहीं.

आमच्या छापील पाठ्यपुस्तकांनीं मात्र एक सोय करून ठेवली आहे. प्राकृत वाक्यांखालीं त्यांचें संस्कृत रूपांतर दिलेलें असतें. त्याला ‘छाया’ म्हणतात. परीक्षेची घाई असलेले विद्यार्थी मूळ प्राकृत सोडून छायाच वाचतात. अर्थ कळतो, गुणहि मिळतात. शकुंतलेचा आवाज तेवढा ऐकूं येत नाहीं. पुण्याहून आलेल्या नातीचें तें निर्दोष बोलणें ऐकतांना आम्हांस नेमकें हेंच वाटत असे. छाया उत्तम होती. पण मूळ वाक्य कोठें गेलें?

प्रमाण मराठी शिकूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. सारा जन्म ती शिकविण्यांत गेला, आणि परीक्षेंत, कचेरींत, सभेंत तीच हवी, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. नात पुण्यास प्रमाण भाषा बोलते, तें ठीकच. ‘स्थळ’ पाहून परततांना आजी-नातीचा कडाक्याचा वाद झाला. सवितेनें पहिल्याच पाहुण्यांसमोरून उठून जावयास हवें होतें, असें नातीचें मत. उठून ती जाणार कोठें, असा आजीचा सवाल. रिक्षांत, परक्या माणसांच्या देखत, दोघीहि घरच्या भाषेंत भांडत होत्या. आम्ही पुढें चालकाशेजारीं बसून निमूटपणें ऐकत होतों. वाद मिटला नाहीं. पुण्यास गेल्यावर ती फोन कोठें उभी राहून घेते, हें आम्ही तिला विचारलें नाहीं.

मालिका रचणाऱ्यांनीं आमच्या बोलीचे विनोदी पुरुष बंद करावेत, अशी आमची मागणी नाहीं. त्यांच्या शेजारीं त्याच बोलींत निकाल देणारा न्यायाधीश, औषध लिहून देणारी डॉक्टरीण, बीजगणित शिकविणारा मास्तर आणि लेकीला सासरीं पाठविणारी आईहि आणावी, इतकेंच. आणि ज्यांचीं मुलें शिक्षणासाठीं दूर गेलीं आहेत, त्या घरांनीं तीं परत आल्यावर त्यांच्याशीं आपल्या नेहमींच्या भाषेंत बोलावें. त्यांना बरें वाटावें म्हणून आपली भाषा बदलूं नये. आमच्या घरीं तर सौभाग्यवतींनीं ती कधींच बदलली नाहीं, आणि येत्या दिवाळींतहि त्या बदलतील असें दिसत नाहीं.