आईच्या शालूचा रंग

मागच्या वैशाखात भाचीचे लग्न झाले. सीमांतपूजनाला तिने आजीचा शालू नेसावा अशी ताईची फार इच्छा होती. आईला जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. शालू जपून ठेवलेला, पण त्यावरचे पोलके पार विरलेले. ताईने जळगावहून मोबाइलवर शालूचा फोटो पाठवला आणि फोन केला, "अरे, तू सुरतेजवळ राहतोस. याच रंगाचे पोलक्याचे कापड बघ."

हजीऱ्याहून सुरतेच्या कापडबाजारात जायचे म्हणजे अर्धा दिवस मोडतो. रविवारी गेलो. दुकानदाराने पहिलाच प्रश्न केला, "नमूनो लाव्या छो?" मी मोबाइल पुढे केला. तो हसला. "फोटा पर भरोसो न कराय, साहेब." दहावीला प्रकाशाचा धडा शिकवणाऱ्या मास्तरला हा काय सांगणार, असे मला वाटले. फोटोत शालू डाळिंबी दिसत होता. तसेच कापड घेतले आणि पाठवून दिले.

ताईचा फोन आला. थोडा वेळ बोलेचना. मग म्हणाली, "आईचा शालू वांगी रंगाचा. विसरलास?" कापडाचे पैसे गेले त्याचे काही वाटले नाही, पण ते 'विसरलास' फार लागले.

मग चूक कुठे झाली ते शोधत बसलो. कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर प्रकाश मोजणारे लक्षावधी बारीक कप्पे असतात. गंमत म्हणजे त्यांना रंग कळतच नाही. प्रकाश किती पडला एवढेच कळते. म्हणून प्रत्येक कप्प्यावर तांबडी, हिरवी किंवा निळी गाळणी बसवतात. चार कप्प्यांत दोन हिरव्या, एक तांबडी, एक निळी. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या या रचनेला १९७६ साली पेटंट मिळाले, आणि आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच किंवा तिच्यावरून केलेली रचना असते. हिरव्या गाळण्या दुप्पट, कारण बारकावे टिपताना आपला डोळा हिरव्या प्रकाशावर अधिक विसंबतो. म्हणजे प्रत्येक ठिकाणी एकच रंग मोजलेला असतो. उरलेले दोन शेजारच्या कप्प्यांवरून अंदाजाने भरलेले!

ताईने फोटो काढला होता रात्री, माजघरातल्या पिवळ्या बल्बखाली. वांगी रंगात तांबडा आणि निळा दोन्ही असतात, पण त्या उजेडात निळा प्रकाश अगदी थोडा. निळ्या कप्प्यांच्या वाट्याला फारसे काही आलेच नाही. अशा वेळी कॅमेरा हिशेब करून निळा वाढवू पाहतो. पण मुळात तुटपुंजे ते वाढवले, की त्याबरोबर दाणेही वाढतात. फोटो मोठा करून पाहिला तर काठावर तसे दाणे दिसत होते. निळा उणा पडला आणि वांग्याचे डाळिंब झाले. जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा असता तरी हे टळले नसते. जो प्रकाश वस्तूवर पडलाच नाही, तो कॅमेरा आणणार कुठून?

मी ताईला म्हटले, "फोटो नको, धागा पाठव." तिने पदराच्या टोकाचा सुटलेला एक धागा पाकिटात घालून पाठवला. त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने धागा आणि कापडाचे दोन-तीन ताके दाराशी, उन्हात नेले आणि एकावर बोट ठेवले. मला जे पुस्तक उघडून शोधावे लागले, ते तो रोज दाराशी उभा राहून करीत होता.

मुलांनो, घरातल्या मोठ्या माणसांचे फोटो जरूर काढा, पण दिवसाउजेडी काढा. आणि साडीचा रंग कोणता, ती कोणी, कधी घेतली, हे त्यांनाच विचारून लिहून ठेवा.

उरलेला धागा मी विज्ञानाच्या पुस्तकात, प्रकाशाच्या धड्यात ठेवला आहे. तो धडा आला की वर्गात दाखवतो. आधी खिडकी उघडायला सांगतो.