अर्धीच लिहिलेली गावं

गावाचं नाव शुद्ध लिहिलं की पत्ता बरोबर झाला, अशी माझी अनेक वर्षं पक्की समजूत होती. ती चुकीची होती, आणि तिची किंमत मी नाही, दुसऱ्यांनी मोजली. म्हणून हे लिहिते आहे.

नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी नोकरीचा बहुतेक काळ काढला. पेशंटची नोंद करायची, रिपोर्ट टाइप करायचे आणि पाकिटं पोस्टात टाकायची, हे माझं काम. सीताबर्डी आणि धंतोलीला लागून असलेला हा भाग दवाखान्यांचा. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, शिवाय मध्य प्रदेशातले छिंदवाडा, सिवनी, बालाघाट, एवढ्या मुलखातली माणसं इथे येतात. रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, बायोप्सीचा मिळत नाही. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये येतो, मेणात बसवला जातो, त्याचे अतिशय पातळ काप काढून रंग देतात, मग डॉक्टर ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. यात काही दिवस जातात. तेवढे दिवस नागपुरात राहणं खेड्यातल्या माणसाला परवडत नाही. मोबाइल यायच्या आधी ती माणसं पत्ता देऊन घरी परतायची आणि पोस्टमनची वाट बघायची. पत्ता लिहून घेणारी मी.

पहिली मोठी चूक आष्टीची. एका बाईंच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासायला आला होता. नोंदणीला त्यांचा मुलगा उभा होता. गाव विचारलं, तो म्हणाला, "आष्टी. नदीवरचं आष्टी जी, चामोर्शीकडलं." मागे रांग होती. मी 'आष्टी' एवढंच लिहिलं आणि तालुका-जिल्ह्याचे रकाने माझ्या माहितीने भरले: आष्टी, जिल्हा वर्धा. मला माहीत असलेलं आष्टी तेच होतं. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूरबरोबर पेटून उठलेलं, हुतात्म्यांमुळे आष्टी (शहीद) म्हणून ओळखलं जाणारं. शाळेत शिकलेलं गाव इतकं ठळक होतं की समोरच्या मुलाने सांगितलेलं गाव मला ऐकूच आलं नाही.

त्याचं आष्टी गडचिरोली जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी. पाकीट आधी वर्ध्याकडे गेलं आणि बऱ्याच दिवसांनी परत आलं. डॉक्टरांकडे रिपोर्टची प्रत होती, पण पेशंट फिरकल्याशिवाय ती त्यांच्या हाती पडणार नव्हती. घरच्यांनी काय धरून चाललं होतं, ते मुलाने नंतर सांगितलं: रिपोर्ट आला नाही, म्हणजे काही नसेल. गाठ दुखायला लागली तेव्हा ते परत आले. तोपर्यंत उपचार पहिल्यापेक्षा मोठा आणि महाग झाला होता. उशिराला आणखीही कारणं असतील, पण त्यात माझा वाटा होता. तो मी त्या मुलाला तेव्हा सांगितला नाही. "पोस्टात उशीर झाला असेल," असं म्हणाले. ही त्या चुकीच्या आतली दुसरी चूक, आणि मला ती पहिलीपेक्षा जास्त टोचते.

नंतर नकाशा घेऊन बसले. आष्टी बीड जिल्ह्यात आहे, तालुक्याचं ठिकाण. जालना जिल्ह्यात परतूरकडे आहे. सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यात आहे, जिथे १८१८ मध्ये पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. वर्ध्याचं आणि गडचिरोलीचं धरून एवढी आष्टी मला सापडली. मग इतर नावं शोधली. कारंजा वाशीम जिल्ह्यात एक, वर्धा जिल्ह्यात एक, दोन्ही तालुक्याची गावं. पहिलं लाडांचं, दुसरं घाडग्यांचं. सेलू वर्ध्यात आणि परभणीत. कळंब यवतमाळात आणि धाराशिवात. मालेगाव नाशकात आणि वाशीममध्ये. पवनी भंडारा जिल्ह्यात आणि आमच्याच रामटेक तालुक्यात. मी मात्र प्रत्येक नावाचं एकच गाव डोक्यात ठेवून काम करत होते.

यानंतर मी पिनकोडच्या आधाराने चालू लागले. सहा आकड्यांची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला देशात सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे जाणकार. एकाच नावाची अनेक गावं, पत्त्यांच्या निरनिराळ्या भाषा आणि लिप्या, यातून टपाल वाट चुकू नये म्हणूनच हा खटाटोप झाला. मला हायसं वाटलं. पण खेड्यातल्या माणसाला पिनकोड पाठ नसे, म्हणून मी जिल्ह्यावरून पहिले आकडे स्वतःच भरायची. वर्ध्याचा पिन ४४२ ने सुरू होतो. गडचिरोलीतल्या आष्टीचाही ४४२ नेच. पहिले तीन आकडे बरोबर लिहूनही दोन आष्टींमधला फरक कळत नव्हता. तो शेवटच्या तीन आकड्यांत होता आणि ते मी पुष्कळदा कोरे सोडत असे.

पूर्ण पिन लिहिला तरी एका पिनच्या हाताखाली अनेक गावं असतात. इथे माझी दुसरी मोठी चूक झाली. नाल्याच्या अल्याड-पल्याड एकाच नावाची दोन गावं, एक खुर्द, एक बुद्रुक. पोस्ट एकच. मी 'खुर्द' गाळलं. ती सरकारी दप्तराची शेपटी आहे, गावाचं खरं नाव पहिलंच, असं मला वाटायचं. रिपोर्ट बुद्रुकमधल्या त्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या माणसाच्या घरी गेला. निदान गंभीर होतं. तपासणीच न केलेल्या त्या माणसाच्या घरात काही दिवस रडारड चालली. ज्याचा रिपोर्ट होता त्याचा आजार शेजारच्या गावाला त्याच्या आधी कळला. त्याचा भाऊ लॅबमध्ये आला तेव्हा ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "बाई, आमी सांगतलं होतं खुर्द म्हणून." त्याचं बरोबर होतं. त्यांनी सांगितलं होतं.

तिसरी चूक अर्जुनीची. एसटीतून औषधाचं पार्सल पाठवायचं होतं आणि घरचा माणूस स्टँडवर थांबणार होता. फोनवर तो म्हणाला, "अर्जुनी, मोरगाव." मला वाटलं, हा दोन गावं सांगतो आहे, राहतो एकीकडे आणि येणार दुसरीकडून. मी 'मोरगाव' खोडलं. पार्सल सडक अर्जुनीला उतरलं. हमरस्त्यावरचं म्हणून ते सडक अर्जुनी. तो माणूस उभा होता अर्जुनी मोरगावला, नवेगाव बांधच्या पलीकडे. दोन्ही तालुक्याची ठिकाणं, दोन्ही तेव्हा भंडारा जिल्ह्यात. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा झाला तेव्हा दोन्ही तिकडे गेली. जिल्हा लिहून काहीच सुटत नव्हतं. सगळा फरक मी खोडलेल्या त्या एका शब्दात होता.

या तिन्ही चुका शेजारी ठेवून बघितल्या तेव्हा मला कळलं की चूक एकच होती. 'नदीवरचं', 'खुर्द', 'मोरगाव': प्रत्येक वेळी समोरच्या माणसाने गावाचं नाव पूर्ण सांगितलं होतं आणि प्रत्येक वेळी मी त्याचं अर्धं फालतू समजून टाकून दिलं होतं. मनात कुठेतरी होतं की या लोकांना पत्ता नीट सांगता येत नाही. त्यांना येत होता. ऐकता मला येत नव्हतं.

हे मला माझ्याच पत्त्यावरून आधी समजायला हवं होतं. रामदासपेठ अकोल्यातही आहे. मी कुणालाही पत्ता सांगताना 'रामदासपेठ, नागपूर' म्हणते, आणि त्याबद्दल मला कुणी अडाणी म्हणत नाही. 'अर्जुनी, मोरगाव' म्हणणारा माणूस तेच करत होता.

एकच नाव इतक्या गावांना का, हे मी पुढे लोकांनाच विचारत गेले. माणसं वसताना जे डोळ्यांसमोर होतं त्यावरून नाव ठेवत. पिंपळ होता, पिंपळगाव झालं. वड होता, वडगाव झालं. म्हणून पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव राजा, पिंपळगाव हरेश्वर, पिंपळगाव जोगे अशी वेगवेगळ्या जिल्ह्यांतली गावं दुसऱ्या शब्दावरूनच ओळखली जातात. जुन्या वस्तीतून काही घरं बाहेर पडली की नवेगाव होतं. नागपूरच्या नळाला पाणी देणारं पेंचवरचं धरण नवेगाव खैरीचं. पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेला तलाव आणि १९७५ चं राष्ट्रीय उद्यान नवेगाव बांधचं. ताडोबाच्या जंगलात शिरायचं एक गेटही नवेगावचंच. दूर रोमानियातही असंच आहे. तिथे 'नवं गाव' या अर्थाचं सातू नोऊ हे नाव कितीतरी खेड्यांना आहे, आणि जोडगावांना वरचं, खालचं असं जोडून वेगळं करतात. आमच्या खुर्द-बुद्रुकचं काम तेच. फारसीतून महसुलाच्या दप्तरात आलेले हे शब्द आकाराने लहान-मोठं गाव सांगतात. नागपूर जिल्ह्यात खापरी (रेल्वे) आहे, खापरी (केने) आहे. कंसातला तो शब्द तलाठ्याने हौसेने घातलेला नाही. तो काढला की सातबारा, रेशन आणि पोस्ट, सगळं दुसऱ्याच्या दारात जाऊ शकतं.

त्यात जिल्हेही बदलत गेले. चंद्रपुरातून १९८२ मध्ये गडचिरोली निघाला, अकोल्यातून १९९८ मध्ये वाशीम, भंडाऱ्यातून १९९९ मध्ये गोंदिया. आमच्या जुन्या रजिस्टरवरून पत्ते उतरवताना मी पुढेही काही काळ कारंजा लाड अकोला जिल्ह्यातच लिहीत राहिले. माणूस नवा जिल्हा सांगत असे आणि मी रजिस्टरवर विश्वास ठेवत असे. तीही न ऐकण्याचीच सवय.

ती मोडायला एका म्हाताऱ्या बाबांनी मदत केली. गावाचं नाव विचारल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं की आपण बाजार कुठला करतो, गाडी कुठे लागते आणि वाटेत कोणती नदी येते. मी पहिल्यांदा मधे न बोलता सगळं ऐकलं आणि जसंच्या तसं लिहिलं. तेव्हापासून माझे प्रश्न बदलले. गाव विचारलं की लगेच विचारायचं, "बाजार कोणता करता?" आठवडी बाजाराचं गाव सांगितलं की दोन सारख्या नावांतला घोळ बहुतेक वेळा तिथेच मिटतो. मग, त्याच नावाचं दुसरं गाव जवळपास आहे का? असेल तर लोक दोघांना काय म्हणून ओळखतात? आणि शेवटी लिहिलेला पत्ता मोठ्याने वाचून दाखवायचा. या वाचण्याला मिनिटभर लागतं. या मिनिटासाठी रांगेतल्या लोकांची बोलणी मी खाल्ली आणि ती खाणं योग्यच होतं.

आता रिपोर्ट मोबाइलवर जातो, त्यामुळे हा प्रश्न संपला असं नव्या मुलींना वाटतं. तो संपलेला नाही. सरकारी आरोग्य योजनेचा अर्ज, रेशनकार्डाशी पत्त्याचा मेळ, मृत्यूची नोंद, शववाहिकेचा पत्ता, सगळीकडे गाव लागतं. संगणकावर यादी उघडते आणि घाईतलं बोट पहिल्या 'आष्टी'वर पडतं. महाराष्ट्रात जनगणनेच्या यादीत चाळीस हजारांवर गावं आहेत, आणि २०११ पासून प्रत्येकाला स्वतंत्र सहा आकडी क्रमांक आहे. यंत्राला तो क्रमांक पुरतो. पण तो निवडण्याआधी कुणीतरी माणसाला विचारायला लागतं, आणि सांगितलेलं पूर्ण लिहून घ्यायला लागतं.

म्हणून नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. गावाच्या नावापुढचा कंसातला शब्द गाळू नका. फॉर्ममध्ये रकाना नसेल तर मार्जिनमध्ये लिहा. आणि चूक झालीच तर ती पोस्टावर ढकलू नका. ज्याचं नुकसान झालं त्याला सांगा की चूक आमची होती, म्हणजे पुढच्या वेळी रिपोर्ट आला नाही तर तो गप्प बसणार नाही, विचारायला येईल. आष्टीच्या त्या मुलाला मी हे सांगायला हवं होतं.