घर विकायला काढलं तेव्हा भिंतीतल्या भेगेचं काय केलं

गेल्या आठवड्यात आमच्या वडिलांच्या घराचं खरेदीखत झालं. हिंगोलीतलंच घर. वीस बाय तीसचा प्लॉट, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं मोरी आणि पुढं शहाबादी फरशीचं एवढंसं अंगण. वडील २०२१ ला गेले. त्यानंतर आई तिथं एकटीच होती. आता गुडघे चालेनात म्हणून ती माझ्याकडं राहायला आली आणि घर विकायचं ठरलं. या सहा-सात महिन्यांत जे शिकलो ते लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांना छोटं घर विकायचं किंवा घ्यायचं आहे त्यांनी वाचावी.

आधी दलाल आले. माणूस चांगला, बोलायला मोकळा. घरात दोन मिनिटं फिरले आणि म्हणाले, "सर, घर चांगलं आहे, पण दिसत नाही." खरंच होतं ते. तीस वर्षांचा संसार दोन खोल्यांत कोंबलेला. माळ्यावर घंगाळ, जुन्या टीव्हीचा खोका, बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या, नातेवाइकांच्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा. एका भिंतीला तर कॅलेंडरचे अकरा खिळे निघाले. दर वर्षी नवं कॅलेंडर, नवा खिळा.

दोन रविवार आम्ही नुसतं घर रिकामं केलं. भंगारवाल्याचे दोन हातगाडे भरले. कपाट भिंतीपासून काढल्यावर कळलं की खोली दहा बाय बाराची आहे. इतके दिवस ती आठ बाय दहाचीच वाटायची. खिडकीपुढचा जुना पत्रा काढला तर सकाळचं ऊन थेट स्वयंपाकघरात यायला लागलं. मोरी दोनदा ॲसिडनं धुतली, गळका नळ बदलला, पिवळे दिवे काढून पांढरे लावले. घर दाखवायचं तर सकाळीच दाखवायचं असं ठरवलं, कारण दार पूर्वेला आहे. यातलं काही खोटं नाही. घरात जे होतं तेच आम्ही उघडं केलं.

एक गोष्ट मात्र जड गेली. दलाल म्हणाले, "हार घातलेला फोटो समोरच्या भिंतीवर नको. गिऱ्हाईक दारातच थबकतं." आई ऐकत होती. म्हणाली, "ज्यांनी बांधलं त्यांनाच बाहेर काढायलेत व्हय?" मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच फोटो उतरवला, पदरानं पुसला आणि रिक्षातून माझ्या घरी घेऊन आली. वाटेत कुणाच्या हातात दिला नाही.

मग रंगाची वेळ आली आणि भेग समोर आली.

मधल्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून निघून छताकडं तिरकी गेलेली भेग. बोटाचं नख जाईल एवढी. रंगवाला म्हणाला, "भाऊ, लांबी भरतो, वरून पुट्टीचे दोन हात मारतो. सहा महिने तरी कुणाला कळत नाही." सहा महिने. तेवढ्यात खरेदीखत होऊन जातं.

आपल्या जिल्ह्यात भेग म्हटलं की आधी एकच आठवतं. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास दहा-बारा मिनिटांच्या अंतरानं दोन धक्के बसले, पहिला ४.५ रिश्टरचा. मग १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातला पुन्हा ४.५. तेव्हा आई चुलीवरचा चहा तसाच टाकून अंगणात पळाली होती. वसमत, कळमनुरी, औंढा भागातल्या लोकांना यात काही नवीन नाही. पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गडगड आवाज येतात, हे आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. मार्चच्या धक्क्यानंतर नांदेड जिल्हा प्रशासनानं आवाहन केलं होतं की ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि आधाराला दगड ठेवलेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत. आमच्या मोरीवरच्या पत्र्यावरही चार दगड होते. ते मी घर विकायला काढल्यावर उतरवले. म्हणजे वर्षभर आई त्या दगडांखाली अंघोळ करत होती. हे लिहिताना लाज वाटते.

आणि वडिलांनी हे घर बांधलं तेच मुळी किल्लारीच्या भीतीनं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादकडं हजारो माणसं दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गेली. वडील तेव्हा ठरवून बसले, दगड-मातीचं नको, खोली एकच बांधू पण विटा-सिमेंटची बांधू. १९९६ ला पहिली खोली झाली, पुढं हळूहळू बाकीचं. अशा माणसाच्या घरातली भेग पुट्टीखाली गाडायची म्हणजे जरा विचित्रच वाटत होतं.

पण खरं सांगतो, पुट्टी मारायचा विचार माझ्याही मनात दोन दिवस होता. धाकटा भाऊ पुण्याला असतो, त्याच्यावर फ्लॅटचं कर्ज. बहिणीच्या मुलीचं शिक्षण. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. चार वाटे होणार, आणि लाखभर कमी झाले तर चौघांचेही कमी होणार. मी स्वतःला समजावत होतो की सगळेच रंग देऊन विकतात, घेणारा काय आंधळा असतो का?

आईला विचारलं तर ती सहज म्हणाली, "ती भेग व्हय? ती तं भूकंपाच्या आधीपासून हाय. तुह्या बापानं दोनदा गवंडी लावून बुजवली. उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात मिटते." मला या घराबद्दल किती कमी माहीत होतं ते तेव्हा कळलं.

ओळखीच्या एका अभियंत्यांना बोलावलं. त्यांनी हातोडीनं भेगेजवळचा गिलावा वीतभर काढला. भेग नुसत्या गिलाव्यात असेल तर फारशी काळजी नसते. आमची आत विटांपर्यंत होती, सांध्यासांध्यातून पायऱ्यांसारखी गेलेली. मग ते घराच्या बाहेरून फिरले आणि मोरीच्या कोपऱ्यात थांबले. मोरीचं पाणी वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात मुरत होतं.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. आपली जमीन काळी. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसते. शेतातल्या भेगा आपण पाहतोच. पाया खाली मुरमापर्यंत नेला नसेल तर घर त्या मातीबरोबर वर-खाली होतं. त्यातही एक कोपरा कायम ओला आणि बाकीचे कोरडे असले की घर एकसारखं हलत नाही, आणि भिंत सर्वात कमकुवत जागी तडकते. ती जागा म्हणजे दारा-खिडकीचा कोपरा. भूकंपाचा धक्काही त्याच जागा शोधतो. मातीनं सुरू केलेली भेग धक्क्यानं वाढली असेल. ते म्हणाले, "नुसतं बघून ठाम सांगणार नाही. काच लावा."

काच लावणं म्हणजे भेगेवर आडवी, काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवायची आणि शेजारी तारीख लिहायची. भेग हलत असेल तर काच तडकते. भेगेच्या टोकाला पेन्सिलीनं खूण करून तारीख टाकली तरी ती पुढं सरकते का ते कळतं. खर्च जवळपास नाहीच. फेब्रुवारीत लावलेली पहिली काच एप्रिलच्या शेवटी तडकली. मोरीचं पाणी पाइपानं गटारात सोडलं, घराच्या कडेनं सिमेंटचा उतरता पट्टा केला, पाऊस पडून जमीन ओली होऊ दिली आणि दुसरी काच लावली. ती अजून शाबूत आहे. त्यानंतर भेग खोबणी करून मोकळी केली, तगडा सिमेंटचा माल भरला, वर जाळी ठोकून गिलावा केला आणि मग रंग दिला. या सगळ्याला चौदा हजार लागले, रंगाला सव्वीस.

दुरुस्तीच्या आधीचे, मधले, नंतरचे फोटो काढून ठेवले. अभियंत्यांकडून एक पानाचं लेखी घेतलं. ते सगळं घराच्या फाईलमध्ये लावलं. मालमत्ता पत्रक, जुनं खरेदीखत, इंडेक्स टू, कराची पावती, वीजबिल, वारस नोंद आणि शेवटी भेगेचे फोटो.

दलाल फाईल पाहून हसले. "सर, असा धंदा होत नसतो. दुरुस्ती केली ना? मग दाखवायचं कशाला?"

पहिलं जोडपं आलं ते दोघं नोकरीवाले. घर फार आवडलं. बाईंनी स्वयंपाकघरातल्या उन्हात उभं राहून ओट्याची जागा मापली. सव्वासतरा लाखांवर बोलणं पक्कं झालं. मी फाईल पुढं केली आणि भेगेचं सांगितलं. दोघं एकमेकांकडं बघायला लागले. दोन दिवसांनी दलालांकडून निरोप आला, नको. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. लहान लेकरू आहे त्यांना.

त्या रात्री भावाचा फोन आला. "तुला कुणी विचारलं होतं का? कुणी विचारलं होतं का भेगेचं?" त्यानं तीनदा हेच म्हटलं. कुणी विचारलं नव्हतं, हे खरं आहे. आठ-दहा दिवस आम्ही बोललो नाही.

याच काळात एका वकील मित्राशी बोलणं झालं. त्यानं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ दाखवलं. कायदा १८८२ चा आहे. त्यात साधी गोष्ट लिहिलीय: मालमत्तेत किंवा तिच्या मालकीहक्कात एखादा महत्त्वाचा दोष आहे, विकणाऱ्याला तो माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही तो त्याच्या लक्षात येणार नाही, तर विकणाऱ्यानं तो सांगितलाच पाहिजे. न सांगणं ही फसवणूक समजली जाते. मी त्यावर बराच विचार केला. भेग उघडी होती तोवर ती कुणालाही दिसली असती. पुट्टी मारल्यावर ती न दिसणारी होणार होती. म्हणजे सांगायची जबाबदारी मीच माझ्यावर ओढून घेत होतो, आणि वर गप्प बसणार होतो.

शेवटी घर घेतलं ते कळमनुरीकडच्या एका शेतकऱ्यानं. हळद विकायला इथल्या मार्केट यार्डात नेहमी येणं-जाणं, आणि आता दोन मुलींना शिकायला शहरात ठेवायचं म्हणून घर हवं होतं. त्यांनी रंगाकडं पाहिलंच नाही. आधी नळ सोडून बघितला, मग मोरीचं पाणी कुठं जातं ते विचारलं, मग बाहेरून कोपरे बघितले. फाईलमधले फोटो एकेक करून पाहिले आणि म्हणाले, "आमच्याकडं तं मांडणीवरचे भांडे वाजतेत. भेग काय, आमच्या घरात चार हायत." मला हायसं वाटलं. लगेच पुढचं वाक्य आलं, "पण तुमीच दाखवली ना सर, मग त्याचे कमी करा."

साडेसोळा लाखांवर आले. वरचे पंच्याहत्तर हजार गेले. भावाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ठीक आहे, पण पुढच्या वेळी आधी विचार." पुढची वेळ कुठली? पण त्याचं एक बरोबर होतं. घर चौघांचं होतं, सांगायचं की नाही हे मी एकट्यानं ठरवायला नको होतं. सगळ्यांना बसवून सांगितलं असतं तर कदाचित तोही तेच म्हणाला असता.

खरेदीखताच्या दिवशी आम्ही चौघंही सह्या करायला होतो, बहीण खास नांदेडहून आली. चावी देताना आईनं त्या भाऊंना सांगितलं, "मोरीचं पाणी त्या कोपऱ्यात सोडू नका. आन् पत्र्यावर दगड ठेवू नका."

आता थोडं सगळ्यांसाठी. घर विकायला काढलंत तर जरूर आवरा, धुवा, रंग द्या, उजेड येऊ द्या. छोटं घर नीट दिसलं की त्याला भावही नीट येतो, त्यात गैर काही नाही. पण पुट्टीच्या आधी भेगांचे तारखेसह फोटो काढा आणि गिलावा थोडा उकरून भेग विटेत आहे का ते बघा. घेणाऱ्यांनी नव्या रंगाच्या घरात कपाटामागं, दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांवर आणि मोरीबाहेर नक्की नजर टाकावी, आणि भेगा होत्या का, कधी बुजवल्या, असं थेट विचारावं. आपल्या जिल्ह्यात तरी हा प्रश्न विचारायला संकोच नको.

आणि पत्र्यावर दगड असतील तर ते आजच उतरवा. मी वर्षभर लावला, तेवढा वेळ तुम्ही लावू नका.